आक्काच्या हातातला राम

चिंतामणरावांनी तीस वर्षं बंदरावरच्या जकात कचेरीत काढली. आलेल्या गासडीत लोखंडी सळई खुपसायची, वर कापूस दिसला तरी आत दुसरं काय दडवलंय ते शोधायचं, हे त्यांचं काम. पेन्शनीत निघून सात वर्षं झाली तरी ती सळई काही त्यांच्या मनातून गेली नव्हती. गिरगावात खोताच्या वाडीच्या तोंडाशी त्यांचं दुमजली लाकडी घर होतं आणि त्या घरात येणारी वस्तू तपासून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. मेथीची जुडी आली की ते मधली काडी उपसून बघत. गुरवाने हातावर तीर्थ घातलं तर आधी वास घेत. असल्या माणसाला देव स्वस्थ झोप देत नाही, आणि त्याच्या घरच्यांनाही मिळत नाही.

घरात माणसं मोजकीच. मुलगा दिवसभर कचेरीत. सून सुनेत्रा घर सांभाळी. आणि चिंतामणरावांची थोरली बहीण आनंदीबाई, जिला सगळे आक्का म्हणत. तेराव्या वर्षी तिचं कुंकू गेलं, ती माहेरी परतली, आणि सत्तरी आली तरी याच घरात होती. चिंतामणरावांना तिने कडेवर खेळवलं, बाराखडी गिरवायला लावली, आणि गंजिफा खेळायलाही तिनेच शिकवलं.

दुपारी वामकुक्षी झाली की माजघरात सतरंजी पडायची आणि गंजिफांची लाकडी पेटी उघडायची. तिघांचा खेळ. चिंतामणराव, आक्का, आणि शेजारचे रमाकांत मास्तर, जे शाळा सुटली तरी सगळ्यांना अजून पहिल्या इयत्तेतच धरायचे. सावंतवाडीची लाखेने रंगवलेली गोल पानं, एकूण एकशेवीस. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि बाकीची दहा. वाटणी झाली की एकेकाच्या वाट्याला चाळीस पानं यायची. दिवसाउजेडी खेळायचं तर ज्याच्याकडे रामाचा राजा आला त्याने "राम माझ्याकडे" म्हणून तो दाखवायचा आणि डाव सुरू करायचा, असा नियम.

याच नियमाने आक्काचा घात केला.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी "राम कोणाकडे?" असं विचारलं तर कोणी बोलेना. चिंतामणरावांनी आपली पानं दोनदा चाळली, मास्तरांनी चष्मा पुसून तीनदा. बऱ्याच वेळाने आक्काच्या पदराखालून राम खाली पडला. "अगं बाई, माझ्याकडेच होता की!" ती म्हणाली आणि हसली. मग हे वरचेवर व्हायला लागलं. राम हातात असून म्हणायची नाही. समोरून पंजी, म्हणजे पाचाचं हलकं पान, आलं तर त्याच्यावर स्वतःचा प्रधान टाकून मोकळी व्हायची, आणि खरा हात घ्यायचा तेव्हा फुटकळ पान पुढे करायची. जिने खेळ शिकवला तिची ही तऱ्हा! चिंतामणरावांना आधी वाईट वाटलं, मग जिंकायची सवय लागली, आणि सवय लागल्यावर वाईट वाटायचं थांबलं.

"आक्काचं डोकं चळलं," असा त्यांनी निकाल दिला. ज्या बाईला हातातला राम दिसत नाही तिच्या हाती कोठीघर कसं ठेवायचं? पन्नास वर्षं तिच्या कमरेला असलेली कोठीची किल्ली त्यांनी मागून घेतली आणि आपल्या जानव्यात अडकवली. तेव्हापासून सुनेत्रा रोज सकाळी तांदूळ काढायला सासऱ्यांना हाक मारायची. आक्काने किल्ली दिली तेव्हा एक शब्दही काढला नाही. शहाण्या माणसाला त्यातच कळलं असतं, पण चिंतामणरावांना ते तिच्या डोक्याचंच लक्षण वाटलं.

आणि यंदा, म्हणजे अठराशे चौऱ्याण्णवच्या आश्विनात, त्यांनी पुढचं पाऊल उचललं. रेवदंड्याला एक लांबचा पुतण्या होता. त्याला पत्र गेलं, त्याचं उत्तरही आलं. तुळशीचं लग्न आटोपलं की आगबोटीने आक्काला तिकडे पोचवायचं ठरलं. "मुंबईत गाड्याघोड्यांची वर्दळ. उद्या बाहेर पडली आणि घर विसरली तर?" असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. सुनेत्रा वाढत होती, तिच्या हातातला डाव वाटीवर आपटला. आक्का आत होती, तिने ऐकलं असणारच.

त्यानंतर आठ दिवसांत घरात पाणी मुरायला लागलं. चिंतामणरावांचं नाक अशा वेळी चुकत नसे.

माहीमची मंजुळा कोळीण दर दोन दिवसांनी मागल्या दारी मासळी घेऊन यायची. एरवी तिचा आवाज ठाकूरद्वारपर्यंत जाई. आता ती आणि सुनेत्रा दाराआड कुजबुजायला लागल्या. चिंतामणराव पाय न वाजवता न्हाणीपर्यंत गेले आणि त्यांच्या कानावर एवढंच आलं.

"कुणाला कळता कामा नये हं, मंजुळाबाई. मामंजींना तर नाहीच."

"नाय कलनार. माजा दादला मुका हाय म्हना ना. पन कवा पायजे?"

"तुळशीच्या लग्नाच्या आत."

मग एका सकाळी मंजुळेबरोबर तिचा नवरा धर्मा आला. हा माहीमच्या खाडीवर होड्यांची डागडुजी करायचा. त्याच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. गासडी! चिंतामणरावांचे हात शिवशिवले. पण ते ओट्यावर येईपर्यंत गोणपाट रिकामं झालं होतं आणि धर्मा वाडीच्या वळणावर पोचला होता.

दुपारी सतरंजी पडली आणि ते काहीतरी आक्काच्या पुढ्यात प्रकटलं. अर्धगोल लाकडी पाटी, गौरीपुढे आरास मांडतात तशा चार पायऱ्यांची. प्रत्येक पायरीला खाच, खाचेत जुन्या मखमलीची पट्टी. पानं वाटून झाल्यावर सुनेत्रा आक्काशेजारी बसली आणि तिने चाळीस पानं दहा-दहा करून त्या खाचांत उभी केली, आक्काकडे तोंड आणि बाकीच्यांकडे पाठ करून. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"हे काय थेर?" चिंतामणराव म्हणाले.

"मांडीवर पानं सांडतात माझी," आक्का म्हणाली. "राम माझ्याकडे आहे, चिंतू."

तिने पदराआडून हाताची मूठ पुढे केली, मुठीने एका पानाला हलकेच टेकवलं, आणि ते पान पाटीच्या पुढच्या उतारावरून घरंगळत सतरंजीवर आलं. रामाचा राजा. त्या दिवशी आक्काने चिंतामणरावांना धू धू धुतलं. दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्या दिवशी तर अशी खेळली की मास्तरांनी मांडीवर थाप मारून "शाब्बास!" म्हटलं. कोणतं पान पडून गेलं, कोणाकडे काय उरलं, तिला सगळं ठाऊक. सहा वर्षं राम न ओळखणारी बाई आता चिंतामणरावांच्या हातातली पानं त्यांच्या आधी ओळखत होती.

हे सरळ मार्गाने होणं शक्य नव्हतं. डोकं एकदा गेलं की परत येत नाही, एवढं तर कोणालाही कळतं. मग हा डाव कोणाचा? सुनेत्राचा, दुसऱ्या कोणाचा! आक्काला इथेच ठेवायचं आणि कोठीची किल्ली तिच्या नावाने स्वतःच्या ताब्यात घ्यायची. म्हातारीला शहाणी ठरवायला ही लबाडीची पाटी. चिंतामणरावांना वाटलं, आपण तीस वर्षं सळया खुपसल्या त्या उगीच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बायका देवळात गेल्या तेव्हा त्यांनी पाटी ताब्यात घेतली. उजेडात धरली, आरसा नाही. ठोकून पाहिली, पोकळ नाही. मखमलीच्या खाली सुई घालून पाहिली. स्वतः पानं लावून, मुठीने टेकवून पाहिलं, तर ती तशीच घरंगळली. पण पाटी उलटी केल्यावर तळाशी ओळीने कोरलेल्या दहा रेघा दिसल्या. दहा अवतार, दहा रेघा! आणि लाकडाला वास होता. त्यांनी नाक लावलं. माशाचं तेल.

आता मात्र त्यांची खात्री पटली. ज्या आक्काने उभ्या जन्मात मासळीच्या टोपलीची सावली अंगावर पडू दिली नाही, ती सोवळ्यातली बाई माशाच्या तेलाचं लाकूड मांडीला लावून बसते आणि हूं का चूं करत नाही. केवढी गरज असेल तिला या पाटीची! ती गरज कसली, हे त्यांच्या मनात आलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण शंकेखोर माणसाला फक्त एकच दार दिसतं, आणि ते चोराचं. आतून काही सापडलं नाही, म्हणजे फारच हुशारीने लपवलंय, असं म्हणत त्यांनी पाटी उचलली, कोठीघरात तांदळाच्या कणगीमागे ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यात अडकवली.

दुपारी मास्तर आले, पेटी उघडली. सुनेत्राने कोनाड्यात पाहिलं, देव्हाऱ्यामागे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मामंजी, आत्याबाईंची पाटी कुठे दिसली का?"

"मला काय ठाऊक?" चिंतामणराव पानं पिसत म्हणाले. "पाटीशिवाय खेळता येत नाही का? इतकी वर्षं खेळत होती ना? की डोकं पाटीत होतं?"

मास्तर चुळबुळले. "चिंतामणराव, अहो, काय हे बोलणं?"

सुनेत्रा काही बोलणार होती. आक्काने मानेनेच तिला गप्प केलं. "असू दे गं. वाट पानं, चिंतू."

पानं वाटली गेली. आक्काने आपली चाळीस पानं दोन्ही मनगटांनी ओढून मांडीवर घेतली आणि वरून आलवणाचा पदर ओढला. सहा वर्षं ती अशीच खेळत आली होती. विधवा बाई अंग झाकून बसते, त्यात पाहायचं काय, म्हणून कोणी कधी पाहिलं नव्हतं.

आज चिंतामणराव पाहात होते. आपल्या पानांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सुनेत्रा दारातून काय खूण करते, आक्का पदराखाली काय लपवते, हे पकडायचं म्हणून त्यांचे डोळे त्या पदरावर खिळले होते.

"राम कोणाकडे?" मास्तरांनी विचारलं.

चिंतामणरावांकडे राम नव्हता. मास्तरांनी मान हलवली. पदराखाली काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. आक्काच्या कपाळावर घाम आला होता. दारात सुनेत्रा उभी होती, ती कसलीही खूण करत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आक्का, राम कोणाकडे?" चिंतामणरावांचा आवाज चढला.

"थांब रे, थांब जरा. आहे."

आहे, म्हणाली. विसरली नव्हती. चिंतामणराव पुढे झुकले आणि पुढच्या क्षणी पदर खांद्यावरून सरकला.

तिचे दोन्ही हात त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिले. बोटांचे सांधे आवळ्याएवढे सुजले होते. बोटं मुळाशी वाकून एकमेकांवर चढली होती, अंगठा आत वळून तळव्याला चिकटला होता. त्या दोन मुठींमध्ये तिने चाळीस पानं दाबून धरली होती. राम मधोमध होता, चिंतामणरावांना त्याचा तांबडा काठ दिसत होता. आक्का हनुवटीने, मनगटाने, दोन मुठींच्या कडांनी तो बाहेर काढायची खटपट करत होती आणि राम काही निघत नव्हता. निघत होतं ते कडेचं पान. सगळ्यात बाहेरचं, जे कुठलं असेल ते.

मग गठ्ठा सुटला आणि चाळीसच्या चाळीस पानं सतरंजीवर पसरली.

"अगं बाई," आक्का सवयीने म्हणाली, "माझ्याकडेच होता की." पण या वेळी तिला हसता आलं नाही.

चिंतामणरावांना सहा वर्षांचे डाव एकदम आठवायला लागले. पंजीवर टाकलेला प्रधान, तो कडेला होता. हातचा घालवलेला डाव, राजा मध्ये अडकला होता. त्यांनी जिंकलेला प्रत्येक हात हा आक्काच्या बोटांचा होता. त्यांना त्या जिंकण्याची शिसारी आली. ज्याने परक्यांच्या गासड्या उलथ्यापालथ्या केल्या, त्याला समोर चार हातांवर बसलेल्या बहिणीचे हात दिसले नाहीत.

"आक्का," ते म्हणाले, "बोलली का नाहीस?"

आक्काने पदर सारखा केला, पण हात आत घेतले नाहीत. आता झाकून काय उपयोग होता?

"काय बोलू? तेराव्या वर्षी आले मी या घरात. तेव्हा बाबा म्हणाले, हात चालतात तोवर पोरीचं ओझं नाही. तेवढं ध्यानात धरलं. दळलं, कांडलं, पापड लाटले, तुझ्या घरातली बाळंतपणं काढली. डोकं गेलं म्हणशील तर हसशील आणि दोन घास घालशील, असं वाटलं. हात गेले म्हटल्यावर मी या घरात कशासाठी, चिंतू?"

"आणि मी तुला डोक्यासाठीच धाडत होतो," चिंतामणराव म्हणाले.

"ते ऐकलं मी. तेव्हा वाटलं, चुकलंच आपलं."

सुनेत्रा पुढे आली. एरवी सासऱ्यांपुढे ती मान वर करत नसे. "भाकऱ्या थापताना मला कळलं होतं, मामंजी. चार वर्षं त्यांच्या वाटणीचं मी करतेय. त्यांनी शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. रेवदंड्याचं ठरलं तेव्हा मी सांगायला निघाले, तर त्या ऐकेनात. मग म्हटलं, न सांगता दाखवावं. मंजुळाबाईच्या सासऱ्याचीही बोटं अशीच आहेत. त्याला जाळं विणता यावं म्हणून धर्माने सुई अडकवायला खाचेची फळी करून दिली होती, तशीच ही. मोडक्या होडीचं लाकूड आहे, वास येतो, पण आत्याबाई म्हणाल्या, येऊ दे."

"आणि तळाच्या रेघा?" हे चिंतामणरावांच्या तोंडून निघून गेलं. बोलल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"कुठल्या रेघा?" सुनेत्राने विचारलं. मास्तरच म्हणाले, "होडीच्या फळ्यांवर सुतार नंबर घालतात हो. दहावी फळी असेल." आणि ते दुसरीकडे पाहायला लागले.

चिंतामणराव उठले. जानव्यातली किल्ली सोडवली आणि आक्कापुढे धरली. "तुझी पाटी कोठीत आहे. मीच ठेवली. तू उघड. ही किल्ली आता तुझी."

आक्का भिंतीला धरून उठली. कोठीच्या दारापाशी गेली. किल्ली दोन मुठींत धरून तिने कुलपात घातली खरी, पण फिरवता येईना. पितळी किल्लीची धरायची कडी बोटाच्या पेराएवढी लहान, ती चिमटीतच धरावा लागे, आणि चिमूट तिच्याकडे उरली नव्हती. तीनदा प्रयत्न करून ती बाजूला झाली.

"राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. चिंतामणरावांना तेच सोसलं नाही. त्यांनी दार उघडून पाटी आणली, रेवदंड्याचं पत्र चुलीत घातलं, आणि रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माहीमच्या खाडीवर गेले. धर्मा एका उपड्या होडीच्या फटीत राळ भरत होता. चार दिवसांपूर्वी ज्या माणसाला त्यांनी वाडीतून पळताना पाहून चोर ठरवलं होतं, त्याच्यासमोर त्यांनी किल्ली धरली.

"हिच्या टोकाला आडवं लाकूड बसवून दे. मुठीत मावेल असं. बोटं न लावता, नुसत्या तळहाताने फिरली पाहिजे."

धर्माने हात पुसले, किल्ली घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग त्याने चिंतामणरावांच्या पगडीपासून जोड्यांपर्यंत नजर फिरवली, आणि पुन्हा किल्लीकडे पाहिलं.

"किल्ली कुनाची हाय, रावसाहेब?"

"तुला काय करायचंय?"

"मोठा मानूस एकटाच किल्ली घेऊन खाडीवर येतो, लोहाराकडं जात नाय, होडीवाल्याकडं येतो. कुनाचा कुलूप उघडायचा हाय ते कलल्याबिगर मी हात लावायचा नाय."

चिंतामणरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्मभर त्यांनी लोकांना विचारलं होतं, त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. उत्तर ओठावर आलं होतं, चांगलं झणझणीत. ते त्यांनी गिळलं.

"माझ्या थोरल्या बहिणीची आहे," ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी मी तिच्याकडून घेतली होती. परत करायचीय."

धर्माने मान हलवली. आता त्याच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. त्याने होडीवरून सागाचा एक तुकडा उचलला आणि विचारलं, "सूनबाईंनी पाटी सांगितली तवा हात बघावा लागला नव्हता. याला लागंल. बाईंचा हात कसा हाय?"

चिंतामणरावांनी आपला उजवा हात पुढे केला आणि एकेक बोट वाकवून त्याला दाखवलं.